शुक्राशयातील गाठ: नाव ठरवण्याआधी ती कुठून आली ते पाहावे

सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे 44 वर्षांचे एक गृहस्थ लिहितात की, गेल्या तीन महिन्यांत त्यांना दोनदा वीर्यातून तपकिरी रक्त आले, शौचास बसल्यावर खाली जडपणा जाणवतो, आणि साताऱ्यात केलेल्या सोनोग्राफीत उजव्या शुक्राशयात सुमारे 4 सेंमीची, पाण्याने भरलेली आणि आत पातळ पडदे असलेली गाठ दिसली आहे. त्याच रिपोर्टच्या शेवटी ‘उजवी किडनी नेहमीच्या जागी दिसत नाही’ अशी एक ओळ आहे, पण तिच्याबद्दल त्यांच्याशी कोणी काही बोललेले नाही. शुक्राशयात कोणकोणत्या गाठी होतात, ही कॅन्सरची असू शकेल का, सुई घालून तपासावी का, आणि पत्नीला किंवा मुलांना यातून काही त्रास होईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी गेली अनेक वर्षे सांगली-मिरज भागात मूत्ररोगांचा शल्यचिकित्सक म्हणून काम करतो. आपले पत्र वाचल्यावर माझे लक्ष गाठीच्या मापाकडे न जाता त्या शेवटच्या ओळीकडे गेले. आपल्या बाबतीत बहुधा तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. असे का म्हणतो ते सांगण्यापूर्वी या अवयवाची थोडी ओळख करून द्यावी लागेल, कारण शुक्राशय हा शब्द आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकानंतर सहसा कोणाच्या कानावर पडत नाही.

शुक्राशय, म्हणजे आम्ही डॉक्टर ज्याला सेमिनल व्हेसिकल म्हणतो, ती दोन ग्रंथींची जोडी आहे. लघवीच्या पिशवीच्या मागे, गुदाशयाच्या पुढे आणि प्रोस्टेटच्या वर त्यांची जागा असते. प्रत्येक ग्रंथी साधारण 5 सेंमी लांब असली तरी प्रत्यक्षात ती घड्या घालून बसवलेली एकच नळी आहे, आणि ती नळी उलगडली तर 10 ते 15 सेंमी भरते. वीर्याचा निम्म्याहून अधिक द्रव येथेच तयार होतो, आणि शुक्रजंतूंना बळ देणारी फ्रुक्टोज ही साखरही येथूनच येते. एमआरआयच्या फिल्मवर निरोगी शुक्राशय पांढऱ्याशुभ्र, एकमेकांना चिकटलेल्या मण्यांसारखे दिसतात. तासगावच्या बागेतला भरलेला द्राक्षघड डोळ्यांसमोर आणला की ते चित्र कळते, आणि शिकाऊ डॉक्टरांना मी तेच उदाहरण देतो. घडातले काही मणी काळे पडले, किंवा एकच मणी फुगून बाकीचे दबले, की काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आता गाठींकडे वळतो. शुक्राशयात दिसणारी कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा शुक्राशयात सुरू झालेलीच नसते. ती शेजाऱ्याकडून आलेली असते, आणि शेजाऱ्यांत पहिला मान प्रोस्टेटचा आहे. शुक्राशयाची नळी आणि शुक्रवाहिनी एकत्र येऊन जी स्खलननलिका बनते, ती प्रोस्टेटच्या आतूनच जाते. त्यामुळे प्रोस्टेटच्या कॅन्सरला वर चढायला जणू तयार वाट मिळते. कधी तो या वाटेने चढतो, तर कधी प्रोस्टेटच्या तळाची भिंत ओलांडून थेट शुक्राशयात शिरतो. असे झाले की आम्ही त्या कॅन्सरची पायरी टी 3 बी धरतो, आणि उपचाराचा सगळा बेत बदलतो. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर मागच्या भिंतीतून, तर गुदाशयाचा पुढच्या भिंतीतून येथे पोहोचू शकतो. लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, हाही क्वचित येथे उतरतो. म्हणून साठीच्या पुढचा माणूस ‘शुक्राशयात गाठ’ असा रिपोर्ट घेऊन आला, तर मी आधी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी, करवतो, बोटाने प्रोस्टेट आणि गुदाशय तपासतो, लघवीतून रक्त जात असेल तर दुर्बिणीने पिशवी पाहतो, आणि त्यानंतरच शुक्राशयाला दोष देतो. हा क्रम उलटा झाला की माणूस चुकीच्या उपचाराच्या वाटेला लागतो.

आपले वय आणि आपल्या गाठीचे वर्णन मात्र या चित्रात बसत नाही. आपल्या गाठीत पाणी आहे, ती एकाच बाजूला आहे आणि त्याच बाजूची किडनी दिसत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्हाला झिनर सिंड्रोम आठवतो. झिनर यांनी 1914 मध्ये त्याचे वर्णन केले. कारण समजायला अवघड नाही. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास मध्यवृक्कनलिका नावाच्या एकाच नळीतून एक कोंब फुटतो, आणि त्या कोंबामुळे त्या बाजूची किडनी व मूत्रवाहिनी घडते. पुरुष गर्भात हीच नळी पुढे शुक्रवाहिनी, शुक्राशय आणि स्खलननलिका बनते. मुळाशीच नळीची घडण बिघडली, तर किडनी तयार होत नाही आणि स्खलननलिकेचे तोंडही नीट उघडत नाही. वयात आल्यावर शुक्राशयात द्रव तयार होऊ लागतो, पण त्याला वाट मिळत नाही, आणि वर्षानुवर्षे साठून त्याची पाण्याची गाठ होते. म्हणूनच हा दोष जन्मापासून असूनही त्रास विशी ते चाळिशीच्या दरम्यान किंवा त्यानंतर जाणवू लागतो. आत जुने रक्त आणि दाट प्रथिने साचल्याने द्रव तपकिरी होतो. आपण लिहिलेला रंग त्याच्याशी जुळतो.

झिनरची गाठ ही कॅन्सरची गाठ नाही. व्याख्येने पाहिले तर हा ट्यूमरही नाही, तो अडलेल्या पाण्याचा फुगा आहे. तरीही ‘काही नाही, सोडून द्या’ असे मी म्हणणार नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे अशा जन्मजात गाठींच्या अस्तरात फार क्वचित कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे आत एखादा घट्ट, रक्तपुरवठा असलेला मांसल भाग नाही ना, हे एकदा नीट पाहिलेच पाहिजे. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. आपल्याला एकच किडनी असेल, तर ती गोष्ट आपल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असायला हवी. कंबर दुखली म्हणून मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या, किडनीला अपाय करू शकणाऱ्या वेदनाशामकाची पट्टी आणून खाणे आपल्यासाठी आजपासून बंद. किडनीचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासत राहावे. कधी उजवी किडनी पूर्ण नसतेच असे नाही. ती सुकलेली, बोराएवढी होऊन ओटीपोटात दडलेली असते आणि तिची मूत्रवाहिनी भलत्याच जागी, अगदी शुक्राशयातही, येऊन मिळते. हे शोधण्याची सूचना एमआरआय करणाऱ्यांना चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावी लागते.

आपल्या गाठीत पडदे आहेत, म्हणून दुसरी शक्यताही सांगतो. सिस्टॅडेनोमा नावाची साधी गाठ मध्यमवयीन पुरुषांत आढळते. ती खरा ट्यूमर असते, हळू वाढते, आणि तिच्यात पडद्यांनी वेगळे केलेले लहान-मोठे अनेक कप्पे असतात. तिच्याबरोबर किडनी नसण्याचे काही कारण नसते, हा फरक आपल्याकडे उपयोगी पडेल. तिच्या अस्तराबरोबर आधाराचे ऊतकही वाढले, तर तिला मिश्र प्रकारची गाठ म्हणतात. त्या ऊतकातल्या पेशी किती वेगाने विभागतात, त्यावरून ती सौम्य, मध्यम की घातक हे पॅथॉलॉजिस्ट ठरवतात. या गाठी अर्धवट काढल्या तर पुन्हा येतात, म्हणून काढायच्या तर पूर्ण काढाव्यात. स्नायूंपासून होणारा लायोमायोमा आणि चेतातंतूंच्या आवरणाचा श्वानोमा याही साध्याच गाठी, पण त्या भरीव असतात. वृद्ध पुरुषांच्या शुक्राशयात अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, आणि एमआरआयवर तो भाग काळा दिसतो. प्रोस्टेटचा कॅन्सर वर चढला की काय, अशी शंका त्यामुळे येऊ शकते. वयाबरोबर होणारा हा साठा तेथल्या तेथेच असतो आणि त्यावर उपचार लागत नाहीत.

आपल्या भागात आणखी दोन आजार गाठीचे सोंग घेतात, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरांना मी त्यांची आवर्जून आठवण करून देतो. पहिला क्षयरोग. मूत्र व प्रजनन मार्गाच्या क्षयात शुक्राशय घट्ट, गाठाळ होतात, त्यांच्यात चुना साचतो, आणि अंडकोशात मण्यांची माळ ओवल्यासारखी शुक्रवाहिनी हाताला लागते. दुसरा हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातील फीतकृमीमुळे होणारी पाण्याची गाठ. मेंढी कापल्यावर टाकलेले यकृत-फुप्फुस कुत्री खातात, त्यांच्या विष्ठेतून अंडी माती-पाण्यात जातात, आणि तेथून माणसात येतात. माण, खटाव, आटपाडी, जत या मेंढपाळीच्या पट्ट्यातील माणसाला पिशवीच्या मागे पाण्याची गाठ असेल, तर हा विचार झालाच पाहिजे. अशा गाठीत बेसावधपणे सुई घातली, तर आतला द्रव पोटात सांडून नवीन गाठी रुजतात, आणि ॲलर्जीचा इतका तीव्र झटका येऊ शकतो की जिवावर बेतते. सुईबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे: एमआरआय आणि गरजेप्रमाणे रक्ताची हायडॅटिडची तपासणी झाल्याशिवाय कोणालाही त्या गाठीला सुई लावू देऊ नका. उरलेले अर्धे उत्तर असे की, झिनरच्या गाठीतले पाणी सुईने काढले तरी मूळ अडथळा तसाच राहतो, त्यामुळे ती पुन्हा भरते आणि मध्येच जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते.

आता ज्या शब्दाने आपली झोप उडाली आहे त्याबद्दल. शुक्राशयातच सुरू होणारा कॅन्सर असतो, आणि त्याचा मुख्य प्रकार ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर, हा आहे. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात त्याच्या नोंदी इतक्या थोड्या आहेत की, मूत्ररोगाच्या बहुतेक डॉक्टरांना साऱ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण दिसत नाही. तो बहुधा पन्नाशीनंतर होतो, तरुणांत झाल्याच्याही नोंदी आहेत. अवयव खोल असल्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि वीर्यात किंवा लघवीत रक्त, लघवी अडणे, पाठीमागे किंवा मांड्यांच्या सांध्यात दुखणे यांपैकी काही सुरू होईपर्यंत तो शेजारी पसरलेला असतो. त्याचे भाकीत वाईट असण्याचे हे मोठे कारण आहे. 1956 मध्ये डालगार्ड आणि गियर्टसेन यांनी त्याचे निकष मांडले. त्यांचा आशय असा की, गाठ शुक्राशयातच असावी, शरीरात दुसरीकडे मूळ कॅन्सर नसावा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंकुरांसारखी रचना किंवा श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी दिसाव्यात.

त्यानंतरच्या काळात पेशींना विशिष्ट रंग देण्याच्या तपासण्यांनी हे काम सोपे केले. प्रोस्टेटमधून आलेल्या पेशी पीएसएचा रंग घेतात, तर शुक्राशयाच्या कॅन्सरच्या पेशी तो घेत नाहीत. त्या सीके 7 आणि सीए 125 चे रंग घेतात, आणि मोठ्या आतड्याकडे बोट दाखवणारा सीके 20 बहुधा घेत नाहीत. सीए 125 हे नाव आपण स्त्रियांच्या अंडाशयाच्या कॅन्सरसंदर्भात ऐकले असेल. पुरुष रुग्णासाठी मी ही तपासणी लिहून दिली, की लॅबमधून हमखास फोन येतो, ‘सर, नाव चुकले का?’ नाव चुकलेले नसते. अशा कॅन्सरमध्ये रक्तातील सीए 125 वाढू शकते आणि उपचारानंतर उतरू शकते, म्हणून पाठपुराव्यासाठी ते कामाचे आहे. नुसते वाढलेले सीए 125 मात्र कॅन्सरचा पुरावा ठरत नाही.

येथे एक अनुभव सांगणे मला गरजेचे वाटते. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. दुसरीकडे झालेल्या त्यांच्या प्रोस्टेटच्या बायोप्सीत ‘अत्यंत विचित्र पेशी, घातक कॅन्सरची शक्यता’ असे लिहिले होते, आणि घरी मुलांनी मुंबईला न्यायची तयारी केली होती. मी स्लाइड मागवून आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना दाखवल्या. त्यांनी मला दोन डोळ्यांच्या जोड्या असलेल्या सूक्ष्मदर्शकाशी बसवले आणि सुईच्या टोकाने एक जागा दाखवली. पेशींची केंद्रके मोठी, गडद, वेडीवाकडी होती, एखादी तर शेजारच्या पेशीच्या चौपट. पण त्या पेशींच्या अंगात सोनेरी-तपकिरी बारीक कण होते, हळदीच्या पाण्याचा गाळ बसावा तसे, आणि एकही पेशी विभागताना दिसत नव्हती. ते कण लायपोफ्युसिनचे, म्हणजे वयाबरोबर पेशींत साठणाऱ्या रंगकणांचे. बायोप्सीची सुई प्रोस्टेट ओलांडून शुक्राशयात गेली होती, आणि वयस्कर माणसाच्या निरोगी शुक्राशयाच्या पेशी अशाच भयंकर दिसतात. त्या शिक्षकांना कॅन्सर नव्हता. तेव्हापासून शुक्राशयाच्या किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याही तुकड्याचा रिपोर्ट मी एकाच्या मतावर सोडत नाही. आपल्यावर तशी वेळ आली, तर कागदी रिपोर्टबरोबर स्लाइड आणि तपासलेला तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत. दुसरे मत ब्लॉकवरून मिळते, झेरॉक्सवरून मिळत नाही.

बाकीच्या घातक गाठी थोडक्यात सांगतो, कारण त्या त्याहूनही विरळ आहेत. स्नायूंचा लायोसार्कोमा, रक्तवाहिन्यांचा अँजिओसार्कोमा, चरबीचा लायपोसार्कोमा, लहान वयात ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, कधी स्क्वेमस पेशींचा कॅन्सर, न्यूरोएंडोक्राइन गाठ किंवा एरवी वृषणात होणारा सेमिनोमा, एवढे प्रकार नोंदलेले आहेत. प्रत्येकाचा उपचार वेगळा असल्यामुळे भरीव गाठीत तुकडा तपासण्याला पर्याय नसतो. तो तुकडा गुदमार्गाच्या सोनोग्राफीखाली घेता येतो.

आता आपण काय करावे ते सांगतो. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), क्रिएटिनिन, पीएसए आणि रक्तदाब एवढे कोरेगावात किंवा साताऱ्यातच होईल. रक्तदाब फार वाढलेला असला, तर त्यामुळेही वीर्यात रक्त येते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यामुळेही. पीएसएचे रक्त देण्याआधी दोन दिवस संबंध टाळावेत, आणि लघवीत जंतुसंसर्ग निघाला तर तो बरा होईपर्यंत थांबावे, नाहीतर आकडा फसवतो. त्यानंतर ओटीपोटाचा एमआरआय करावा. तो साताऱ्यात, कराडला किंवा मिरजेत होतो, त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. क्रिएटिनिनचा रिपोर्ट एमआरआयच्या टेबलावर जाण्याआधी हातात असावा, कारण रंगद्रव्य द्यायचे की नाही हे एक किडनी असलेल्या माणसात त्यावरून ठरते. रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्यावी. शल्यचिकित्सकाला चित्रे स्वतः पाहायची असतात.

एमआरआयवर झिनरची गाठ निश्चित झाली, आत मांसल भाग नसला आणि आपला त्रास एवढाच असला, तर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा सोनोग्राफी करत लक्ष ठेवणे पुरेसे आहे. वेदना, वारंवार संसर्ग किंवा लघवीला अडथळा होत असेल, तर दुर्बिणीतून ते शुक्राशय काढता येते, आणि उजव्या मूत्रवाहिनीचा उरलेला तुकडा असल्यास तोही त्याच वेळी काढावा. पिशवीच्या मागच्या त्या अरुंद जागेत पोट उघडून हात घालण्यापेक्षा लॅप्रोस्कोपीने अधिक स्वच्छ दिसते. ताठरतेच्या नसा शुक्राशयाच्या टोकाजवळूनच जातात, हे आपल्या डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वी सांगायला हवे, आणि त्यांनी सांगितले नाही तर आपण विचारायला हवे. वीर्याचे प्रमाण थोडे कमी होईल, पण डावी बाजू चांगली असेल तर बाप होण्याची क्षमता टिकते. तपासात कॅन्सर निघालाच, तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रोस्टेट, दोन्ही शुक्राशय, बहुधा लघवीची पिशवी आणि ओटीपोटातील लसिकाग्रंथी एकत्र काढण्याचे मोठे ऑपरेशन करावे लागते. पुढे विकिरण, संप्रेरके दाबण्याची औषधे किंवा केमोथेरपी यांचा विचार होतो, आणि असे काम वर्षभर करणाऱ्या मोठ्या कॅन्सर केंद्रातच जावे. आपल्या पत्रातील वर्णनावरून मला तसे वाटत नाही, पण एमआरआय न पाहता मी तशी हमीही देणार नाही.

पत्नीला या रक्तामुळे काही होत नाही. लघवीचा कल्चर रिपोर्ट येईपर्यंत निरोध वापरावा. त्याचा आणखी एक उपयोग आहे: रक्त निरोधाच्या आत दिसले तर ते नक्की आपलेच. काही जोडप्यांत रक्त प्रत्यक्षात पत्नीचे असते आणि तिच्या गर्भाशयमुखाची तपासणी महिनोन् महिने राहून जाते.

मुलांबद्दल मात्र एक काम सांगतो. किडनी जन्मतः नसणे काही घरांत एकाहून अधिक जणांत आढळते. पुढच्या वेळी साताऱ्याला जाल तेव्हा मुलगा असो की मुलगी, दोघांचीही पोटाची एकेक सोनोग्राफी करून घ्या आणि दोन्ही किडन्या जागेवर आहेत का, एवढेच विचारा.